ओव्हनमधील जळका थर: तो का चिकटतो आणि कसा सुटतो

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत:
१. ओव्हनच्या आतील काळपट-तपकिरी थर कशाचा बनलेला असतो, हे सांगणे.
२. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा आणि व्हिनेगर यांचे कार्य वेगळे का आहे, हे स्पष्ट करणे.
३. आपल्या ओव्हनचा आतील पृष्ठभाग ओळखून त्यानुसार स्वच्छतेची पद्धत निवडणे.
४. कोणती द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत, हे कारणासह सांगणे.

१. प्रस्तावना

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि इन्फोसिसचे प्रशिक्षण केंद्रही आहे. शिक्षण किंवा नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेली मुले-मुली अशा भागांत तीन-चार जण मिळून घर भाड्याने घेतात. समजा, तुम्ही अशाच एका घरात राहायला गेलात आणि स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरूंनी वापरलेला एक ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, मिळाला. आत भिंतींवर चिकट तपकिरी ठिपके आहेत, तळाला सांडलेल्या चीजचा कोळसा झाला आहे, दाराची काच पिवळी पडली आहे आणि चालू केला की धूर येतो. घर सोडताना तो स्वच्छ करून दिला नाही तर अनामत रकमेतून पैसे कापले जातील, असे घरमालकाने सांगितले आहे.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण तारेची घासणी घेऊन जोर लावतात. थर फारसा निघत नाही, पण पृष्ठभागावर कायमचे ओरखडे पडतात. काही जण बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या आणून जे मिळेल ते एकत्र ओततात. हे नुसते निरुपयोगी नाही, जीवघेणेही ठरू शकते.

या पाठाचा मुख्य मुद्दा असा: ओव्हनचा मळ जोराने निघत नाही. योग्य अल्क, पुरेसा ओलावा आणि वेळ यांनी तो निघतो. आम्लाचा उपयोग अगदी शेवटी आणि वेगळ्या कामासाठी होतो. ही क्रमवारी समजली की बाकीच्या युक्त्या पाठ करण्याची गरज राहत नाही.

२. थर कशाचा बनतो?

ओव्हनमधला मळ एकाच प्रकारचा नसतो. त्याचे तीन भाग करता येतात.

(अ) घट्ट झालेले तेल. तेल आणि तूप हे ग्लिसरॉल व मेदाम्ले यांचे एस्टर असतात. असंपृक्त मेदाम्लांत कार्बनचे दुहेरी बंध असतात. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन मिळाला की या बंधांच्या जागी अभिक्रिया होऊन शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात. याला बहुवारिकीकरण म्हणतात. द्रव तेलाचे आधी चिकट आणि नंतर वार्निशसारखे कडक पापुद्रे बनतात. रंगकामात जवसाचे तेल वापरतात तेही याच गुणामुळे: ते हवेत 'सुकते', म्हणजे खरे तर त्याचे बहुवारिक होते.

सगळी तेले सारखी वागत नाहीत. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन या तेलांत असंपृक्त मेदाम्ले जास्त असल्याने त्यांचा थर लवकर कडक होतो. खोबरेल तेल आणि तूप बरेचसे संपृक्त असल्याने त्यांचे डाग तुलनेने मऊ राहतात.

ही प्रक्रिया नेहमीच नकोशी नसते. बिडाचा तवा तेल लावून पुन्हा पुन्हा तापवला की तो काळा, गुळगुळीत होतो आणि त्यावर घावन चिकटत नाही. तव्यावरचा तो थर आणि ओव्हनच्या भिंतीवरचा थर हे एकाच रसायनाचे दोन नमुने आहेत. म्हणूनच ओव्हनसाठी सांगितलेला कोणताही उपाय बिडाच्या तव्यावर करू नका. वर्षांची मेहनत एका रात्रीत निघून जाईल.

(आ) तपकिरी झालेली साखर आणि प्रथिने. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड अभिक्रिया वेगाने होते. पावाच्या सालीचा खमंग रंग आणि वास तिच्यामुळेच येतो. उसाची साखर एकटीच १६० अंशांच्या आसपास वितळून तपकिरी होऊ लागते. म्हैसूरच्याच केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बेकरी पदार्थांच्या तंत्रज्ञानाचा अभ्यास होतो. तिथे भाजण्याच्या ज्या अभिक्रिया नेमक्या जमवायच्या असतात, त्याच तुमच्या ओव्हनच्या भिंतीवर अनियंत्रितपणे चालू असतात.

(इ) कोळसा. पडलेला पदार्थ दर वेळी पुन्हा तापत राहिला तर त्यातील पाणी आणि वायुरूप भाग निघून जातो आणि मुख्यतः कार्बन उरतो. कार्बन सोड्यात विरघळत नाही, साबणात विरघळत नाही, व्हिनेगरमध्येही नाही. मात्र कोळशाचे कण बहुधा (अ)मधल्या तेलाच्या थरानेच भिंतीला चिकटलेले असतात. तो थर सैल केला की कोळसा खरवडून काढता येतो.

३. स्वच्छतेचे चार घटक

हर्बर्ट झिन्नर या जर्मन रसायनतज्ज्ञाने स्वच्छतेचे काम चार घटकांत मांडले: रसायन, तापमान, वेळ आणि घासणे. यांतील एक घटक कमी केला तर बाकीच्यांपैकी कोणता तरी वाढवावा लागतो. या मांडणीला झिन्नरचे वर्तुळ म्हणतात.

भांडी घासताना आपण घासण्यावर भर देतो, कारण मळ ताजा असतो. ओव्हनमध्ये घासण्यावर मर्यादा आहे, कारण ओरखडे पडतात. तापमानावरही मर्यादा आहे, कारण तापलेल्या ओव्हनमध्ये ओले हात घालता येत नाहीत. तीव्र रसायनाचे धोके आहेत. उरतो वेळ, आणि तो फुकट आहे. म्हणून घरगुती पद्धतींत 'रात्रभर ठेवा' हे शब्द वारंवार येतात.

वेळेबाबत आणखी एक मुद्दा लक्षात घ्या. अल्क थराच्या वरच्या बाजूने आत झिरपत जाते. झिरपण्याला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थर दुप्पट जाड असेल तर वेळ सुमारे चौपट लागतो. त्यामुळे जाड थरावर एकदाच खूप वेळ लेप ठेवण्यापेक्षा मऊ झालेला वरचा भाग पुसून टाकणे आणि नवा लेप लावणे अधिक फायद्याचे असते.

४. अल्क: राखेपासून कॉस्टिकपर्यंत

तेलकट भांड्यांना राख आणि तांब्या-पितळेला चिंच, ही विभागणी आपल्या घरांत कित्येक पिढ्या चालत आली. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते अल्कधर्मी असल्याने तेलावर काम करते. चिंचेतील आम्ल धातूवरचे ऑक्साइड विरघळवते. मळ कोणता, यावरून पदार्थ निवडायचा हा नियम त्यातच आहे. ओव्हनचा मळ तेलाचा आहे, म्हणजे तो राखेच्या बाजूचा आहे, चिंचेच्या नव्हे.

आज राखेच्या जागी आपण सोडा वापरतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी आहे. त्याचा सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास असतो. त्या पाण्यात सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट हे दोन्ही क्षार आहेत आणि पूर्वी काठावरून ते गोळाही केले जात. हेच दोन क्षार आपल्याला किराणा दुकानात वेगवेगळ्या नावांनी मिळतात.

खाण्याचा सोडा: सोडियम बायकार्बोनेट. द्रावणाचा सामू सुमारे ८.३. सौम्य. त्वचेला फारसा त्रास होत नाही. बारीक कणांमुळे हलके घासण्यालाही मदत होते.

धुण्याचा सोडा: सोडियम कार्बोनेट. सामू सुमारे ११. तेलावर बराच प्रभावी. हातमोजे हवेत.

कॉस्टिक सोडा: सोडियम हायड्रॉक्साइड. सामू १३ ते १४. तेलावर सर्वांत प्रभावी आणि त्वचा व डोळ्यांना सर्वांत घातक. बाजारातील अनेक तीव्र ओव्हन क्लीनरमध्ये हे असते.

सामूमापनश्रेणी लॉगरिथमिक आहे हे विसरू नका. सामू एकाने वाढला की हायड्रॉक्साइड आयनांची संहती दहापट होते.

अल्क तेलावर काय करते? ते एस्टर बंध तोडते. त्यातून ग्लिसरॉल आणि मेदाम्लाचा क्षार, म्हणजे साबण, तयार होतो. या अभिक्रियेला साबणीकरण म्हणतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्ह्रल याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात तिचे स्वरूप उलगडले. थोडक्यात, ओव्हनच्या भिंतीवरच्या तेलाचाच साबण होतो आणि तो पाण्याने निघतो. मात्र जुन्या थरात कार्बन-कार्बन बंधांचेही जाळे झालेले असते. ते साबणीकरणाने तुटत नाही. त्यामुळे थर पूर्ण विरघळत नाही. त्याची पकड सुटते आणि तो मऊ होऊन तुकड्यांनी निघतो. लेप लावल्यावर सर्व काही आपोआप वाहून जाईल अशी अपेक्षा ठेवू नये, ती याच कारणाने.

५. सोडा आणि व्हिनेगर: फेसाचा भ्रम

सोड्यावर व्हिनेगर ओतले की भरपूर फेस येतो. तो पाहून काहीतरी जोरदार स्वच्छता चालू आहे असे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पाहू:

सोडियम बायकार्बोनेट + ॲसेटिक आम्ल → सोडियम ॲसिटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

हे उदासिनीकरण आहे. अल्कही संपले आणि आम्लही संपले. उरले ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, आणि ते तेलाचे काही करू शकत नाही.

किती व्हिनेगर पुरते? एक लहान चमचा सोडा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. सोडियम बायकार्बोनेटचे रेणुवस्तुमान ८४, म्हणून ५ ÷ ८४ = सुमारे ०.०६ मोल. पाच टक्के व्हिनेगरमध्ये एका लिटरला ५० ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते. त्याचे रेणुवस्तुमान ६०, म्हणजे लिटरला सुमारे ०.८३ मोल. तेव्हा ०.०६ मोल सोड्यासाठी सुमारे ७० मिलिलिटर व्हिनेगर लागेल. अर्धी वाटी व्हिनेगर ओतले की एक चमचा सोडा पूर्ण वाया गेला, असा याचा अर्थ.

मग व्हिनेगर अजिबात नको का? हवे, पण शेवटी. मळ पुसून झाल्यावर सोड्याचा पांढरा अंश मागे राहतो. तो तसाच ठेवून ओव्हन तापवला तर खाण्याच्या सोड्याचे धुण्याच्या सोड्यात रूपांतर होते, कारण सोडियम बायकार्बोनेट तापले की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून सोडियम कार्बोनेट उरते. म्हणजे मागे राहिलेला सौम्य पदार्थ पहिल्याच वापरात तीव्र होतो आणि धातूला त्रास देतो. बोअरवेलचे पाणी बऱ्याचदा दुष्फेन, म्हणजे जड असते. त्यातील कॅल्शियम सोड्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे डाग पडतात, ते साध्या पाण्याने जात नाहीत. या दोन्हींवर व्हिनेगर उपयोगी पडते. तिथला फेस मात्र कामाचा असतो: सोडा शिल्लक आहे याची ती खूण आहे.

६. आधी पृष्ठभाग ओळखा

पद्धत निवडण्यापूर्वी ओव्हन आतून कशाचा आहे ते पाहा.

एनॅमल: काळ्या किंवा करड्या रंगाचा, काचेसारखा गुळगुळीत. लोखंडी पत्र्यावर काचेचा थर भट्टीत वितळवून बसवलेला असतो. अल्क याला फारसे काही करत नाही. ओरखडे आणि आघात मात्र चालत नाहीत.

चकचकीत किंवा रुपेरी धातू: अनेक स्वस्त ओटीजींच्या भिंती जस्त किंवा ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या पत्र्याच्या असतात. हे दोन्ही धातू उभयधर्मी आहेत, म्हणजे त्यांच्यावर आम्लाचीही अभिक्रिया होते आणि तीव्र अल्काचीही. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर साधारण ४ ते ८.५ या सामूमध्येच टिकतो. खाण्याचा सोडा अगदी या सीमेवर बसतो. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा तिच्या बरेच पलीकडे जातात. म्हणून अशा भिंतींवर फक्त खाण्याचा सोडा वापरा, आधी एका कोपऱ्यात चाचणी घ्या आणि लेप एक-दोन तासांहून जास्त ठेवू नका. ट्रे ॲल्युमिनियमचा असेल तर गरम पाणी आणि भांड्यांचा द्रव साबण एवढेच पुरे. ट्रेला चुंबक लावून पाहा: चिकटला नाही आणि ट्रे वजनाला हलका असेल तर तो बहुधा ॲल्युमिनियमचा आहे.

खरखरीत, मॅट भिंती: काही मोठ्या ओव्हनमध्ये तेल आपोआप जळून जावे म्हणून उत्प्रेरक लेपाचे पत्रे असतात. त्यांना सोडा, साबण काहीच लावू नका. त्यांची छिद्रे बुजतात.

तापणारी सळई: ओटीजीच्या सळईत नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड कोरडी असेपर्यंतच विद्युतरोधक असते. सळईच्या टोकांतून ओल आत गेली तर विद्युतप्रवाह बाहेरच्या कवचापर्यंत गळू शकतो. म्हणून सळईवर लेप किंवा फवारा कधीही नको. तिच्यावरचे डाग ओव्हन चालू केल्यावर आपोआप जळून जातात.

७. कृती: एनॅमलच्या ओव्हनसाठी

साहित्य: अर्धी वाटी खाण्याचा सोडा, तीन-चार मोठे चमचे पाणी, रबरी हातमोजे, जुने सुती कापड, मऊ स्पंज, जुने प्लास्टिकचे कार्ड किंवा लाकडी उलथणे, आणि समप्रमाणात पाणी मिसळलेले अर्धी वाटी व्हिनेगर.

पायरी १. प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या.

पायरी २. जाळी, ट्रे आणि तळाचा कचऱ्याचा ट्रे बाहेर काढा. सुटा कोळसा आणि चुरा कोरडाच झटकून किंवा पुसून घ्या. आधी पाणी लावले तर त्याचा चिखल होतो.

पायरी ३. सोड्यात थोडे थोडे पाणी घालून दाटसर लेप करा. तो इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवा, म्हणजे उभ्या भिंतीवरून ओघळणार नाही. सळया, दाराभोवतीचे रबर आणि पंख्याची जाळी सोडून सर्वत्र लावा.

पायरी ४. लेप आठ ते दहा तास ठेवा. तो कोरडा पडला की काम थांबते, कारण आयनांना थरात शिरायला पाणी लागते. म्हणून जाड थराच्या जागी लेपावर ओले कापड किंवा प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवा. उन्हाळ्यात ही काळजी जास्त घ्या.

पायरी ५. कार्डाने किंवा उलथण्याने हलकेच खरवडा आणि ओल्या कापडाने पुसा. लेप तपकिरी झालेला दिसेल. जिथे थर शिल्लक असेल तिथेच नवा लेप लावून आणखी काही तास ठेवा.

पायरी ६. साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसल्यावर व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेले कापड फिरवा. फेस येणे थांबेपर्यंत पुसा, मग पुन्हा साध्या पाण्याने पुसा. ओटा काडप्पाचा किंवा शहाबादी फरशीचा असेल तर खाली वर्तमानपत्र अंथरा. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. व्हिनेगरचे थेंब पडले तर त्यांची चकाकी जाते. ग्रॅनाइटला ही भीती नाही.

पायरी ७. दार उघडे ठेवून ओव्हन पूर्ण वाळू द्या, शक्यतो दिवसभर. मग खिडकी उघडी ठेवून तो रिकामाच १५-२० मिनिटे चालवा. या वेळी मुख्य फलकावरील गळतीरोधक स्विच पडला तर कुठेतरी ओल राहिली आहे किंवा सळई खराब आहे. स्विच पुन्हा पुन्हा वर करून पाहू नका. प्लग काढा आणि वायरमनला दाखवा.

जाळी: स्टीलची असेल तर पाच लिटर गरम पाण्यात तीन-चार मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून तीन-चार तास बुडवून ठेवा. हातमोजे घाला.

काच: सोड्याचा लेप अर्धा-एक तास, मग स्पंज. तारेची घासणी नको. तिने पडलेल्या बारीक ओरखड्यांपासून तापलेल्या काचेला तडे जाऊ शकतात.

मायक्रोवेव्ह: यातला मळ सहसा जळलेला नसतो, सुकलेला असतो. त्याला रसायनापेक्षा वाफ पुरते. रुंद भांड्यात एक वाटी पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून त्यात लाकडी चमचा ठेवा, तीन-चार मिनिटे तापवा, दार पाच मिनिटे बंदच ठेवा आणि मग पुसा. लाकडी चमचा महत्त्वाचा आहे. मायक्रोवेव्हमध्ये स्वच्छ पाणी न उकळताच १०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि भांडे हलवताच उसळून हात भाजतो. आतल्या बाजूला अभ्रकाचा चौकोनी तुकडा बसवलेला असतो. तो काढू नका आणि भिजवू नका.

८. तीव्र क्लीनर वापरायचाच असेल तर

वर्षानुवर्षांचा थर असेल आणि पृष्ठभाग एनॅमलचा असेल तर कॉस्टिकयुक्त क्लीनर वापरता येतो. डब्यावरच्या सूचना पाळा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच; खिडकी उघडी हवी. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक पडले तर धातू विरघळतो आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो.

कॉस्टिक त्वचेवर बुळबुळीत लागते, कारण ते त्वचेतील मेदाचाच साबण करू लागते. वेदना उशिरा जाणवते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवा आणि डॉक्टरकडे जा. 'आम्लाने अल्क मारू' म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. उदासिनीकरणात उष्णता निर्माण होते आणि इजा वाढते.

९. हे कधीही एकत्र करू नका

ब्लीच किंवा विरंजक चूर्ण + आम्ल: टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू यांपैकी कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने लहान, बंद स्वयंपाकघरात जमिनीलगत साचतो आणि फुप्फुसांना इजा करतो.

ब्लीच + अमोनिया: काही काच-क्लीनरमध्ये अमोनिया असतो. या मिश्रणातून क्लोरामाइन हे विषारी वायू निघतात.

कॉस्टिक + आम्ल: मोठी उष्णता निर्माण होऊन द्रव उसळतो आणि अंगावर उडतो.

एका द्रव्यानंतर दुसरे वापरायचे असले तरी मध्ये भरपूर पाण्याने पुसून घ्या. चुकून तिखट, घुसमटवणारा वास आला तर साफ करत बसू नका. लगेच बाहेर पडा, शक्य असल्यास जाताना खिडकी उघडा, आणि खोकला किंवा छातीत जळजळ थांबत नसेल तर ११२ वर मदत मागा. ओव्हनला ब्लीचची गरज मुळातच नसते: ब्लीच जंतू मारते आणि रंग घालवते, जळलेला तेलाचा थर सोडवत नाही.

१०. थर पुन्हा साचू नये म्हणून

ताजे तेल बहुवारिक होण्यापूर्वी निघाले तर सोड्याचीही गरज पडत नाही. भाजून झाल्यावर ओव्हन कोमट असताना, प्लग काढून, द्रव साबणात पिळलेल्या कापडाने पुसा. दोन मिनिटांचे हे काम पुढच्या एका रात्रीचे काम वाचवते. चीज किंवा पाक ओघळणार असेल तर पदार्थाखाली ट्रे ठेवा. तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल मात्र पसरू नका. ती खालच्या सळईची उष्णता अडवते आणि तळ जास्त तापतो.

सारांश

ओव्हनमधला थर म्हणजे बहुवारिक झालेले तेल, तपकिरी झालेली साखर-प्रथिने आणि कोळसा. अल्क एस्टर बंध तोडून तेलाची पकड सोडवते. कोळसा मग खरवडून निघतो. एनॅमलला अल्क चालते, ॲल्युमिनियम आणि जस्ताला फक्त सौम्य अल्क, तेही थोडा वेळ. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यास दोन्ही वाया जातात. क्रमाने वापरल्यास दोन्ही उपयोगी पडतात. ब्लीचसोबत दुसरे काहीही मिसळायचे नाही. सळई ओली करायची नाही.

स्वाध्याय

१. बिडाच्या तव्यावरचा थर आणि ओव्हनच्या भिंतीवरचा थर यांतील साम्य लिहा. एक जपायचा आणि दुसरा काढायचा, असे का?
२. २१० ग्रॅम खाण्याचा सोडा पूर्ण तापवल्यास किती ग्रॅम सोडियम कार्बोनेट मिळेल? (दोन मोल बायकार्बोनेटपासून एक मोल कार्बोनेट मिळते, रेणुवस्तुमाने ८४ आणि १०६. उत्तर: १३२.५ ग्रॅम.)
३. जुन्या ओटीजीच्या रुपेरी भिंतींवर कॉस्टिकयुक्त क्लीनर का वापरू नये? 'उभयधर्मी' ही संज्ञा वापरून उत्तर द्या.
४. सोड्याचा लेप कोरडा पडल्यावर परिणामकारक का राहत नाही?
५. तुमच्या स्वयंपाकघरातील आणि बाथरूममधील स्वच्छतेच्या सर्व बाटल्यांवरील घटक वाचा. त्यांची आम्ल, अल्क आणि ब्लीच अशी विभागणी करा आणि कोणत्या दोन बाटल्या शेजारी ठेवू नयेत ते ठरवा.